अध्यक्ष शेवटी बोलतात

नव्वदच्या दशकात साताऱ्याहून कडेगावकडे जीपने जायचं म्हणजे कमरेचा निकाल. तरी निघालो, कारण हलीमाकडे एकच दिवस होता. मलेशियातली ही शिक्षिका तिकडच्या एका नेत्याचं चरित्र लिहीत होती. हा गृहस्थ तरुणपणी हिंदुस्थानात होमिओपॅथी शिकला, मायदेशी परतून दवाखाना चालवता चालवता इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि तुरुंगात गेला. देश स्वतंत्र झाल्यावर इस्लामी पक्षाचा अध्यक्ष म्हणून विरोधी बाकावर बसला, तर तिथल्या स्वदेशी सरकारने त्याला पुन्हा आत टाकलं. सुटला तो आजारीच, आणि लवकरच गेला.

हलीमाजवळ त्याची ढीगभर भाषणं होती. दवाखान्यात तो माणूस कसा वागायचा, हे सांगणारं मात्र तिला कोणी सापडत नव्हतं. सापडले ते माझ्या मित्राच्या गावचे सुभेदार तात्या. दुसऱ्या महायुद्धात पलटण मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, असताना त्यांनी या डॉक्टरचं औषध घेतलं होतं. हलीमाला तेवढंच ऐकायचं होतं.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर कोरेगावात पोटभर खाऊन घ्या. जीप ठरवताना भाड्याबरोबर देवदर्शनाचंही बोलून घ्या. औंधला आमचा ड्रायव्हर "यमाईला तोंड दावल्याबिगर गाडी म्होरं जात न्हाई" म्हणत डोंगर चढून गेला, तो तासाभराने प्रसाद घेऊन उतरला. पुसेसावळीनंतर रस्ता कमी आणि उसाच्या गाड्या जास्त. हलीमाला संध्याकाळी मिरजेहून रेल्वे गाठायची होती. मी सारखा घड्याळ बघत होतो.

गावात शिरलो तर हलगी वाजायला लागली. शाळेपुढे मांडव, माईक, खुर्च्या. मी कपाळाला हात लावला. आम्ही फक्त तात्यांना भेटायला आलोय, असं सरपंचांना सांगून पाहिलं.

"आवं, परदेशची पाव्हणी आलीया. सत्कार न करता सोडायची व्हय?"

"मग निदान तात्यांना आधी बोलू द्या."

"तात्या आजचं अध्यक्ष हायत. अध्यक्ष शेवटी बोलत्यात."

ज्याला ऐकायला एवढ्या लांब आलो, त्यालाच मान म्हणून शेवटी ठेवलेलं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणून भांडताही येईना. डेअरीचे चेअरमन दुधावर बोलले. हेडमास्तर रबराच्या झाडांवर बोलले. सरपंचांनी "विरोधात बसून कुनाचं काम झालंय?" असं विचारून टाळ्या घेतल्या. हलीमाला हे भाषांतर करून काय सांगणार, डोंबल? ती शाल आणि नारळ सांभाळत हसून बसली होती. तात्या फेट्याखाली घामाघूम झाले होते.

अखेर त्यांच्या हाती माईक आला, तेव्हा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. तात्यांनी माईक बाजूला ठेवला, हलीमाशेजारी जाऊन बसले आणि चक्क तिच्या भाषेत बोलू लागले. अडखळत, हातवारे करत. मी थक्क झालो.

माईक मोकळा दिसताच हेडमास्तरांनी आभारप्रदर्शन सुरू केलं. मांडववाल्यापासून हलगीवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार. हलीमा तात्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकू पाहत होती. माईक बंद करा म्हणून मी सरपंचांना विनवलं.

"दोनच मिंटं, पाव्हणं. मान्सं नाराज व्हत्यात."

जीपमध्ये हलीमाने तिला काय ऐकू आलं ते सांगितलं. तापात तात्या मराठीत बडबडायचे, आईला हाका मारायचे. डॉक्टरला त्यातलं अक्षर कळत नसे. तरी तो स्टूल ओढून शेजारी बसायचा आणि तात्या थांबेपर्यंत उठायचा नाही.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढचं माईकमध्ये गेलं," ती म्हणाली.

मिरजेला तिची गाडी मिळाली. घरी आलो ते अंग ठणकत आणि चिडचिड करतच. पुन्हा निवांत येऊ, असं हलीमा म्हणाली होती. तात्या त्याच पावसाळ्यात गेले. गावाने शोकसभा ठेवली, आणि मित्र सांगत होता की तात्यांविषयी सगळे भरभरून बोलले.

हलीमाचं पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात भाषणांची पानंच्या पानं आहेत. दवाखान्याचं प्रकरण एका पानात संपतं, आणि त्या पानाशी आलं की मला अजून राग येतो.