आबांनी फोडलेला पेपर

माझी पीएचडी एका आठवड्यात बुडवणारा माणूस आज सकाळी गेला.

मांडवगण फराट्याचे आमचे आबा. नात्याचे कोणी नाहीत. बिबट्यांच्या अभ्यासासाठी मी तिकडे गेले, तेव्हा त्यांच्या आणि आजींच्या घरी राहिले, एवढंच.

खरं तर बिबट्यांचा नाही, बिबट्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा अभ्यास. सोबतचे मित्र बिबट्या टिपायला उसाच्या कडेने कॅमेरे लावायचे, मी घरोघरी फॉर्म भरून घ्यायचे. बिबट्याची भीती वाटते का? तो इथे राहिला तर चालेल का? "अजिबात नाही"पासून "खूप"पर्यंत पाच पर्याय.

आबांनी पहिल्याच दिवशी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"ह्यातलं बरूबर उत्तर कंचं?"

"बरोबर-चूक असं नसतं आबा. ज्याला जे वाटतं ते."

"मंग पास कशावर करत्यात?"

मी हसले. तिथेच चुकले.

घरं दाखवायला आबा माझ्यासोबत. पण एका घरी माझा चहा संपेपर्यंत हे पुढच्या घरी पोचलेले. मला वाटलं, किती बाई काळजी, मी येतेय असा निरोप द्यायला जातात.

आठवड्याने सगळे फॉर्म गाईड सरांना पाठवले. लगेच फोन. "अगं, एकाच माणसाला इतक्यांदा विचारलंस का?"

पाहते तर काय, सगळ्या घरांचं एकच उत्तर. भीती अजिबात नाही. बिबट्या राहिला तर खूप चालेल. ज्या काकूंची शेळी त्याने नेली होती, त्यांनाही खूप चालेल!

आबांनी पेपर फोडला होता.

मी भडकले. "आबा, सगळं काम वाया गेलं माझं! आता पीएचडी विसरा!"

आबांचा चेहरा एवढासा झाला.

"तुला बिबट्याचा लळा हाय, म्हनून तसं सांगाया लावलं. मी सातवीला तीनदा बसलोय पोरी. नापास झाल्यावर कसं वाटतं, मला म्हाईत हाय."

मी रडत बसले. आबांनीच चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा घरोघर. या वेळी मोठ्याने.

"आता खरं सांगा रं! पोरगी खरं ऐकाया आलीय!"

आणि लोक बोलले. बिबट्याला शिव्या घातल्या, जाता जाता मलाही घातल्या. शेळीवाल्या काकू म्हणाल्या, "लेकरं अंगनात सोडाया जीव व्हत न्हाई." मग उसाकडे बघत, "पर तिलाबी पिल्लं हाईत न्हवं."

त्या दोन वाक्यांवर माझा अख्खा प्रबंध उभा आहे.

शेवटी आबांचा फॉर्म राहिला. बिबट्याला नुसत्या काठीने हाकललं, ही त्यांची गोष्ट गावाला तोंडपाठ. मी विचारलं, भीती वाटते का?

आबांनी आधी उठून दार लावलं.

"नाव येनार न्हाई न्हवं?"

"नाही आबा. कुणालाच कळणार नाही."

"म्हातारीलाबी?"

"आजींनाही नाही."

मग त्यांनी उत्तर दिलं. तेही कानात.

आज अंत्यविधीला जो तो सांगत होता, आबा बिबट्याला कधी भ्याले नाहीत. आजी रडता रडता मान डोलावत होत्या. मीही डोलावली.

फार आठवण येईल तुमची.

या आबा. तुमचा फॉर्म माझ्या कपाटात कुलपात आहे.

माझ्याकडून पेपर फुटणार नाही.