उधाणाच्या दिवशीचं दार

समुद्रकाठच्या ज्या चिरेबंदी घरात मी भाड्याने राहते, त्याला पाण्याच्या बाजूने सहा पायऱ्या आणि एक सागवानी दार आहे. उधाणाच्या दिवशी ते दार लावायचं नाही, ही घरमालक दामूअण्णांच्या घरची रीत. आलेल्याच्या तोंडावर दार लावू नये, मग तो समुद्र का असेना!

परवा अमावास्येला भर दुपारी भरती चढू लागली, तेव्हा अण्णा, काकू आणि मी दारातच उभे होतो. लाट तिसऱ्या पायरीवर फुटली, मग चौथ्या. काकूंचा हात कडीवर होता.

"अहो, लावू का?"

"थांब गं. पाचवीच्या वर येत नाही तो."

पुढची लाट सहावीवर आली. माझी नजर त्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर गेली. एवढी जाड भिंत घालणाऱ्या माणसाने समुद्राकडे दार ठेवलंच कशाला? भिंत भीतीपोटी घातली असेल आणि दार भरवशापोटी. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होतं म्हणायचं.

तेवढ्यात पाणी उंबरा ओलांडून आत आलं आणि अण्णांची पावलं भिजली. जन्मभर लाँच चालवलेला तो माणूस खाली बघत राहिला. मग त्यांनी काकूंचा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतःच दार लोटलं.

ओल्या पायांनी, दाराला पाठ लावून ते ओहोटी लागेपर्यंत उभे राहिले. कडी मात्र त्यांनी घातली नाही.