पाळीकडची भिंत

आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या घराच्या पाळीकडच्या, म्हणजे मागच्या तळ्याच्या बांधाकडच्या भिंतीत खिडकी-दार ठेवलं तर ओलीनं भिंत खचेल, असं सोमाजी गवंडी कधीच म्हणाला नव्हता. ते मी म्हणालो होतो, त्याचं नाव पुढे करून. आणि जिला म्हणालो ती माझी थोरली बहीण, आमची बाई, पौषात गेली. मी तेव्हा जंगल खात्याच्या कामावर आलापल्लीकडे होतो. सागाच्या लठ्ठ्यांवर हातोड्याचे छाप मारणं चाललं होतं. मोटारीचा क्लीनर सडकेवरून चालत आत आला आणि टोपी काढून उभा राहिला. त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं. तो निरोप सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे बाई नव्हती, ती भिंत होती...

आमचं घर जाळं टाकणाऱ्यांचं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बाई लग्न होऊन दोन वर्षांत कपाळ पुसून माहेरी परतली होती. बोडीतले, म्हणजे त्या तळ्यातले झिंगे, पावसाळ्यानंतरचे शिंगाडे टोपलीत घालून ती मूल गावच्या बाजारात जायची आणि त्यावर मी शिकलो. खात्यात कारकून झालो. पुढे माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथे नकोत. आम्ही दोघंच राहिलो आणि पाच-सहा वर्षांपूर्वी मी जुनी झोपडी पाडून त्याच जागी विटांचं घर बांधायला काढलं.

बाकीच्या घराबद्दल बाई काही बोलली नाही. स्वयंपाकघराबद्दल मात्र बोलली. एका दुपारी तिनं मला हाताला धरून जोत्यावर नेलं आणि तांदळाच्या पिठानं जमिनीवर रेघा ओढल्या. इथे चूल, तिला वैल, चूल वारुळाच्या मातीची आणि माझ्या वितीच्या मापानं, ती मीच घालीन. इकडे पाळीकडे दार. आणि दाराशेजारी खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी येईल अशी एक खिडकी, दोन विती रुंद, तीन विती उंच.

"इतकी खाली खिडकी कोणी ठेवते का?" मी म्हणालो.

"मी का उभी राहून रांधतो? बसल्या बसल्या पाळ दिसली पायजे. कोण आली, कोण गेली. सोनाचा आवाज आला का भात एक मूठ जास्त टाकता येते."

सोना, भागरथा, आणखी दोघी-तिघी. बोडीवरून परतताना ओल्या लुगड्यानं मागच्या दारानं येत, चुलीपुढे बसत, टोपलीतले झिंगे चुलीजवळच निवडत. लहानपणी मी त्यांच्याच मांड्यांवर झोपलो आहे. आणि नेमक्या त्याच मला नको होत्या. साहेब दौऱ्यावर आले की चहाला घरी येतील, मागून माशांचा वास येईल, कोणी तरी "दाम्या, इकडं ये रे" म्हणून हाक मारील... या भीतीनं मी घर बांधत होतो. खात्याच्या बंगल्यात खानसाम्याचं स्वयंपाकघर मी पाहिलं होतं. उभ्यानं रांधायचा ओटा, वर फरशी, धुराडं, भिंतींना फिक्का पिवळा रंग, खाली बसायला कुठे जागाच नाही. मला ओट्याहून ती शेवटची गोष्टच जास्त आवडली होती, हे आज लिहितो.

म्हणून बाईला सांगितलं, सोमाजी नाही म्हणतो, तिकडे भिंत कोरीच ठेवावी लागेल. ती पिठाच्या रेघांकडे जरा वेळ पाहत राहिली. मग पदरानं पुसून म्हणाली, "गवंड्याले समजते. आपल्याले काय समजते?"

ओट्याचं माप मी खानसाम्याच्याच ओट्यावरून आणलं होतं. तो होता सहा फुटी गडी; बाई माझ्या खांद्याला लागत नव्हती. मग तिच्यासाठी सागाचा एक जाड पाट केला, त्यावर उभी राहून ती रांधायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "दामू, उभ्यानं भात शिजवून राह्यलो तं दुसऱ्याच्या लग्नात रांधायले आल्यावानी वाटते रे." मी हसलो. तीही हसली.

बायका दोन-चारदा पुढच्या दारानं आल्या. कुठे बसावं ते त्यांना कळेना, उभ्या उभ्या पाणी पिऊन गेल्या. मग यायच्या थांबल्या. एकदा मी ओसरीवर होतो आणि बाई विहिरीवरून येत होती. पाळीवरून भागरथानं हटकलं, "काऊन बंगलेवाले बाई, पाय दुखतेत का आमच्याकडं यायले?" मला वाटलं, बाई आता सांगेल, दामूनं केलं, गवंड्यानं केलं, काही तरी. ती म्हणाली, "हो बाप्पा, सवय नाई राह्यली आता चिखलाची." भागरथाचं तोंड उतरलं. बाई घागर घेऊन आत गेली. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवलं.

त्याच वर्षी दिवाळीत तिनं पाळीकडच्या पिवळ्या भिंतीवर खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढऱ्या मातीनं एक चौकोन सारवला. मी विचारलं तर म्हणाली, "दिवाळीचं करा लागते काही तं." दर दिवाळीला सारवायची. दुपारी मी कचेरीत गेल्यावर ती त्याच्यापुढेच पाट टाकून जेवायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तेरवीला सोमाजी आला. जेवणं झाल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात पाणी द्यायला नेलं. तो चौकोनापुढे उकिडवा बसला आणि वितीनं मोजू लागला. दोन आडव्या, तीन उभ्या.

"हे तं बाईची खिडकी होय, भाऊ."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"घर बांधून राह्यलो होतो तवा इचारलं होतं तिनं मले, दोन-तीन वितीची खिडकी काढली तं भिंत धरणार नाई का म्हून. मी म्हणलो, काऊन नाई धरणार, चार खिडक्या लावा. मग म्हणे, राहू दे भाऊ, दामूले नको सांगू मी इचारलं म्हून. त्याच्या मनात असन काही." सोमाजीनं भिंतीवर दोनदा टकटक केलं. "उद्या सब्बल घेऊन येऊ का? एका दिवसाचं काम आहे."

मी पाहू म्हणालो. अजून पाहतोच आहे.

ती घराचं काम चालू होतं तेव्हापासूनच जाणत होती. पाच वर्षं पाटावर उभी राहून तिनं माझं खोटं शिजवून मला वाढलं, आणि बाहेर ते स्वतःच्या नावावर घेतलं... पाट ओट्याखाली तसाच आहे. तिच्या पावलांच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं आहे. चौकोन पोपडे धरतो आहे. रोज कचेरीतून आलो की मी त्याच्यापुढे खाली बसतो. बायका बोडीवरून परततात, भिंतीपलीकडून त्यांचे आवाज येतात, हसणं येतं. शब्द नीट कळत नाहीत. बाईला तरी कळत असतील का, कोण जाणे.

खिडकी सोमाजी काढून देईल. पण सोना आणि भागरथा अजून समजतात की बाईला विटांच्या घराचा गर्व झाला होता. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे छापून आल्यानं माझी सुटका होत नाही. मला पाळीवर जाऊन त्यांना तोंडानं सांगायचं आहे की दार मी बंद केलं होतं, बाईनं नाही. ते अजून सांगितलेलं नाही.