स्वयंपाकघराची प्रार्थना

खोटं कशाला बोलू, त्यांचं घर पूर्ण झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. तोंडदेखलं 'प्रभूची स्तुती असो' म्हटलं आणि घरी येऊन नवऱ्याला विचारलं, एवढं मोठं बांधायची काय गरज होती?

ते म्हणजे आमचं मिशनरी जोडपं. आम्ही त्यांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी दक्षिणेतून महाडला आले आणि बिरवाडीत एक खोली भाड्यानं घेऊन राहिले. त्या खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला दाराबाहेर उभं राहावं लागे. म्हणून रविवारची उपासना आमच्या घरी सुरू झाली. कंपन्यांत कामाला असलेली दहाबारा कुटुंबं यायची, दोनतीन पोलादपूरहूनही यायची. शनिवारी मी पलंग बाहेर काढायचे, सतरंज्या अंथरायचे. रविवारी सगळ्यांना चहा आणि कांदेपोहे. सिस्टर मदतीला उठली की तिला हाताला धरून पुन्हा खुर्चीवर बसवायचे. तुम्ही बसा हो, तुम्ही पाहुण्या. गल्लीत आमचं घर म्हणजे प्रार्थनेचं घर, आणि मला ते फार आवडायचं, कबूल करते.

आता ती सगळी माणसं पोलादपूरच्या रस्त्यावर ब्रदर-सिस्टरच्या नव्या घरी जाणार होती. माझा रविवार गेला.

आमच्यात नव्या घराचं समर्पण करताना खोलीखोलीत प्रार्थना होते, आणि एकेक खोली एकेका विश्वासणाऱ्याला दिलेली असते. हॉल मलाच मिळणार, हे मी धरूनच चालले होते. उपासना यापुढे हॉलमध्ये होणार, मग आजवर ती कुणाच्या घरी होत होती? नेसायच्या साडीपासून प्रार्थनेतल्या शब्दांपर्यंत माझी सगळी तयारी होती. समर्पणाच्या दिवशी ब्रदरनी यादी वाचली. हॉल कुणाला, तर पोलादपूरच्या एका जोडप्याला. वर्षसुद्धा झालं नव्हतं त्यांना यायला लागून. मला स्वयंपाकघर. डोक्यात सणकच गेली. नऊ वर्षं पोहे परतले म्हणून बाईला ओट्यापाशीच उभं करायचं का, मी पुटपुटले. नवरा हळूच म्हणाला, "गप ऱ्हा गो, लोक हायत." तोंड मिटलं, पण चेहऱ्यावरचा राग कुठे लपवणार?

हॉलमधली प्रार्थना संपता संपेना. लोक डोळे पुसत होते. मी फरशी बघत होते. कोपऱ्यातली एक फरशी वाकडी बसली होती, ती दिसल्यावर जरा बरं वाटलं.

मग सगळे स्वयंपाकघराच्या दारात आले. मी डोळे मिटले आणि उरकलं. प्रभू, हा ओटा आशीर्वादित कर, इथलं अन्न आशीर्वादित कर, आमेन. कुणाच्या लक्षात आलं की नाही देव जाणे. ती प्रार्थना नव्हती, हे मला माहीत होतं.

लोक प्रीतिभोजनासाठी मांडवात गेले. सिस्टर मागे थांबली. आता ही माझी समजूत काढणार, असं वाटून मीच आधी बोलले, हॉल त्यांना दिलात, चांगलं केलंत, आम्ही काय, जुनी माणसं.

ती हसली नाही. तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "ताई, किचन तुम्हाला द्या, ब्रदरना मी बोलले. नऊ वर्षं तुमच्या किचनमध्ये मला यायचं होतं. तुम्ही एकदा पण येऊ नाही दिलं. सगळे तुमच्याजवळ, मी खुर्चीवर. मी जळायची तुमच्यावर."

तिला मी मानानं बसवते, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. मान कसला? चहा कुणी केला म्हटलं की माझंच नाव निघायला हवं होतं. तिच्या ओट्यापाशी ते मला कळलं, आणि कळूनही राग गेला नाही. उलट वाढला, कारण तिनं सरळ बोलून टाकलं आणि मला ते जमलं नव्हतं.

बाहेर पंगत बसली होती. तिनं मटणाच्या पातेल्यातला डाव उचलून माझ्या हातात दिला.

"वाढा. तुमचीच माणसं."

आणि ताट घेऊन ती पंगतीत जाऊन बसली.

मी तिच्या जागी असते, तर डाव दिला नसता.