कशासाठी हवाय?

माझ्या पुढे महागडा लॅपटॉप घेणाऱ्या माणसाला दुकानातल्या विक्रेत्याने एवढंच विचारलं, "सर, कोणता रंग दाखवू?" मग मी सगळ्यांत स्वस्त लॅपटॉपकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं. "कशासाठी हवाय?"

ज्यांच्या घरी राहून मी त्यांची देखभाल करते, त्या काकू सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "मुरांबा घालायचाय त्यात. दाखवा तुम्ही."

काकूंचे उपकार फिटायचे नाहीत. पण तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. स्वस्त वस्तू घेणाऱ्यानेच कारण का सांगायचं? महागडी घेणाऱ्याला कारण नसलं तरी चालतं. आणि तिकडे गावी सातवीतच माझी शाळा बंद केली, तेव्हा कशासाठी म्हणून एकानेही विचारलं नाही. तिथे विचारायचं होतं की.

लॅपटॉप तसा बिचारा आहे. तो सुरू होईपर्यंत चहाला उकळी येते, दोन कामं एकदम सांगितली की रुसतो. पण पहिल्या दिवशी त्यानेही तेच विचारलं, मला कशासाठी वापरणार? खाली पर्याय होते: खेळ, व्यवसाय, करमणूक, शाळा. माझा संताप झाला. आता तुलाही सांगायचं का?

मी बाहेरून दहावीला बसणार आहे, हे काकूंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. 'शाळा'वर खूण करताना बोट अडखळलं. वाटलं, हा आता दाखला मागणार.

त्याने मागितला नाही. पुढचं पान उघडलं, त्याच्या सवडीने.