सुईणीची भाकरी

लढाई संपली त्या सालची गोष्ट. बायकोच्या शेवटच्या दुपारी आम्ही दोघं सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. मांगवाड्यातली म्हातारी सुईण अंगणात आली आणि पाण्यासाठी तिनं ओंजळ धरली. तिला वरूनच पाणी ओतायची आमच्याकडं रीत. बायकोनं भरला तांब्याच तिच्या हातात दिला.

मी म्हणालो, "अगं, तांब्या बाटला की!"

"व्हय का? आपली चारी पोरं पयली हिच्याच हातात आली. तवा तुमीच हात जोडून हिला आत घेतली. तवा न्हाई घर बाटलं?"

सुईण तोंडाला पदर लावून हसली. लय फटकळ बाई माझी, पण बोलली ते खरं होतं.

त्याच सांजेला बायकोच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भावकी भाकरी आणते. सकाळी सुईणही फडक्यात भाकरी बांधून आली आणि अंगणातच रडत उभी राहिली. माझी भावजय म्हणाली, "ठेव तितंच. गुरांना घालू."

मी उठलो. म्हातारीला हाताला धरून सोप्यात आणली, शेजारी बसवली आणि सगळ्या भावकीदेखत तिची भाकरी खाल्ली.