दळलेली भज्जी

वेळा अमावास्येच्या आठवडाभर आधी, मागच्या डिसेंबरात, लातूरमध्ये माझ्या वडिलांचे उरलेले सगळे दात काढले. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसेल, त्याला दोन-तीन महिने लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर वडील तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "यंदा मी शेतात न्हाई येणार."

शेत किल्लारीजवळ, रस्त्याला लागून आहे. वेळा अमावास्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, तिथे भज्जी होते. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, रानात जे असेल ते एकत्र शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. रस्त्याने जाणाऱ्यांना हाक मारून जेवायला बसवणे हे वडिलांचे काम. हाक मारणाऱ्याने पाहुण्यांच्या पंगतीत बसून पहिला घास घ्यायचा, हा आमच्या घरचा रिवाज.

"बोलवायचं आन् आपण तोंड बघत बसायचं?" ते आईला म्हणाले.

त्या आठवड्यात संध्याकाळचे सूप माझ्याकडे होते. पहिल्यांदा गाजर, दुधी आणि टोमॅटो उकडून वाटले आणि गरम असतानाच दूध ओतले. ते फाटले. दुसऱ्या संध्याकाळी टोमॅटो वगळला, बटाटा वाढवला. सूप दाट आणि मऊ झाले. वडिलांनी अर्धी वाटी घेतली.

"कसंय, आबा?"

"दवाखान्यातल्यासारखं."

"कवा जेवलाव हो तुम्ही दवाखान्यात?" आई म्हणाली.

ते हसले, आणि लगेच रुमाल वर गेला.

मग भज्जीचेच सामान घेतले. सगळे मऊ शिजवून मिक्सरमधून काढले आणि चाळणीतून गाळले, कारण हरभऱ्याची सालपटे हिरड्यांना टोचतात. गाळलेले पुन्हा गॅसवर ठेवून पाण्यात कालवलेले बेसन लावले, कच्चा वास जाईपर्यंत मंद आचेवर ढवळले. वरून जिरे-लसणाची फोडणी दिली. साय घालायची होती म्हणून भज्जीतली नेहमीची चिंच घातली नाही. गॅस बंद केल्यावर फेटलेली साय मिसळली.

वडिलांनी वाटी संपवली. थोड्या वेळाने विचारले, "थर्मासात ऱ्हातंय का हे गरम?"

अमावास्येला ते शेतात आले, पण रस्त्याकडे पाठ करून बसले. शेजारी चाचा होते. चाचा लातूरचे शिंपी, वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी वडिलांच्या हातातला पेला पाहिला.

"जेवायच्या टायमाला चहा पिऊन राहिलास व्हय रे?"

"भज्जी हाय. दळलेली."

चाचांनी पेला ओढून घेऊन एक घोट घेतला. मग स्वतःची कवळी काढून रुमालात बांधली.

"भाभी, मला बी हीच वाढा. ह्या उसन्या दातांनी सोलाणे चावून जबडा गेला."

"बिनदाताचा लई ग्वाड दिसतोस," वडील म्हणाले.

"आन् तू? आरशात बघितलास का?"

दोघे मोठ्याने हसले. वडिलांचा रुमाल मांडीवरच राहिला.

रस्त्यावर किल्लारीकडे जाणारी जीप दिसली. वडील उठून बांधावर गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "ओ पाव्हणं! या, जेवून जावा!"

जीप थांबली. आतली माणसे उतरली, हातपाय धुऊन पंगतीत बसली. वडील पेला घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी पहिला घोट घेतला.